साताऱ्यातलं वाकळीचं दुकान आणि आण्णांचा निळा रुमाल

दिवाळीनंतर ऑर्डर दिली, संक्रांत उलटून गेल्यावर जाकीट हातात आलं आणि आत्ता उन्हाळा लागल्यावर लिहितेय, कारण तीनदा धुऊन बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलेलं. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही, दुकान चालवणाऱ्या ताईंनीच तसं सांगितलंय, दोन मशिनी आणि तीन माणसं, आत्ताच्याच ऑर्डरी त्यांना झेपत नाहीयेत. खरंच जायचं असेल तर सदर बझारात जाऊन वाकळीचं दुकान कुठं असं विचारा, कुणीही दाखवतं. बोर्ड नाही, दाराच्या चौकटीला एक जुनी वाकळ टांगलेली असते तीच खूण.

काम काय करतात ते आधी सांगते. जुनी लुगडी, साड्या, कुर्ते, ओढण्या, धोतरं घेऊन त्याची वाकळीसारखी, म्हणजे गोधडीसारखी, थरावर थर शिवलेली जाकिटं, बंड्या, पिशव्या आणि लहान मुलांची दुपटी करून देतात, तुमचं कापड असलं तरी चालतं, नसलं तर त्यांच्याकडचं. एवढंच असतं तर मी एवढं लांबलचक लिहीत बसले नसते, अशी दुकानं पुण्यामुंबईत ढीगभर आहेत. ह्यांचा एक नियम आहे आणि तो न पाळता त्या काहीच शिवत नाहीत, प्रत्येक कपड्यात कमीत कमी दोन घरांचं कापड पाहिजे आणि ती दोन घरं एकमेकांच्या ओळखीची नकोत, शक्यतो एकाच समाजातली पण नकोत. तुम्ही तुमच्या आईचं लुगडं घेऊन गेलात तरी आतनं किंवा बाहेरनं कुठंतरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं कापड लागणारच. ते मान्य नसेल तर ऑर्डर घेत नाहीत. माझ्यासमोर एका बाईंना नम्रपणे नाही म्हणाल्या, त्यांना सासूबाईंच्या पैठणीचं जाकीट हवं होतं पण दुसऱ्याचं जुनेर अंगाला लागायला नको होतं. गिऱ्हाईक परत पाठवताना ताईंचा चेहरा पडलेला मी बघितला, भाडं त्यांनाही भरायचंच असतं, पण नियम मोडला नाही.

हा नियम कुठनं आला ते विचारलं तर त्यांनी 2023 चा सप्टेंबर सांगितला. साताऱ्याच्या लोकांना वेगळं सांगायला नको, खटाव तालुक्यात पुसेसावळीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरनं धार्मिक दंगल पेटली, एका तरुणाचा जीव गेला, जिल्ह्यात नेट बंद होतं. ताई तेव्हा पुण्यातलं काम सोडून नुकत्याच घरी आल्या होत्या. फॅशन डिझाइनचं शिक्षण झालेलं, काही वर्षं एक्सपोर्टच्या कपड्यांचे नमुने करायचं काम केलेलं. 2013 ला ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळून 1,134 माणसं गेली, त्यात बहुतेक कपडे शिवणारीच होती, तेव्हापासनंच त्यांचं मन त्या कामात लागत नव्हतं. त्या म्हणाल्या की नेट बंद असलेल्या त्या दिवसांत घरात बसून आईच्या साड्या उसवत होते, आणि शेजारच्या गल्लीतले चाचा, ज्यांनी माझं पहिलं परकर पोलकं शिवलेलं, ते दार लावून घरात बसलेले, आणि मला एवढंच कळत होतं की मला कपडे सोडून दुसरं काही येत नाही, त्यामुळं शांततेसाठी जे करायचं ते कपड्यातनंच करायचं.

हे चाचा आता दुकानातच असतात, मशीनवर. बेतायचं काम पण त्यांचंच. सत्तरी पार केलीय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तरी कात्री चालवताना हात हलत नाही. त्यांचं घराणं मूळचं पिंजाऱ्याचं, कापूस पिंजून गाद्या भरायचे. आमच्या आईनं पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं की बाबा हे दुसऱ्याचं कापड लावायचं कशाला, तर ते कात्री खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, कापूस आमी पिंजायचा, कोष्ट्यानं इणायचं, रंगाऱ्यानं रंगवायचं, शिंप्यानं शिवायचं. अंगावर आल्यावर त्ये नेमकं कुणाचं म्हणायचं?" आई गप्प बसली. आई सहसा गप्प बसत नाही.

आता आमचं काम काय होतं ते. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत होते, सिग्नलमध्ये, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या दलात. आईचं माहेर अपशिंगे, मिलिटरी अपशिंगे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली 46 माणसं गेली, तिथं स्तंभ आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी आम्ही फौजीच. आण्णा जाऊन तीन वर्षं झाली आणि त्यांची काळी ट्रंक माळ्यावर तशीच होती, आईला ती उघडायची पण नव्हती आणि टाकायची पण नव्हती. दिवाळीच्या साफसफाईला शेवटी खाली काढली. आत युनिफॉर्म, पट्टा, पदकं, मंकी टोपी, एक खाकी स्वेटर, आणि तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक फिका निळा रुमाल, गळ्यात बांधायचा. 1993-94 ला सोमालियात यूएनच्या मोहिमेवर भारताची ब्रिगेड गेली होती त्यात आण्णा होते, तिथला तो. मी तेव्हा चौथीत होते, मला आठवतंय ते पत्रांवरची तिकिटं.

माझ्या डोक्यात असं होतं की युनिफॉर्मचं आणि आईच्या लुगड्याचं मिळून एक जाकीट करून घ्यावं, दोघं एकत्र राहतील. ट्रंकेतलं सगळं पिशवीत भरून आईला घेऊन गेले. ताईंनी टेबलावर एकेक वस्तू काढून ठेवली, युनिफॉर्मची घडी उघडली, खांद्यावरनं हात फिरवला आणि परत तशीच घडी घातली. म्हणाल्या हा मी कापणार नाही. मला वाटलं कायद्याचं काहीतरी म्हणतील, सैनिक असल्याचं भासवायला फौजी पोशाख घालणं हा गुन्हा आहे ते मला माहीत होतं, तसं मी म्हणलं पण की आम्ही काय मिरवणार नाही, आतनंच लावा. त्या म्हणाल्या कायद्याचं सोडा, हा ज्यांनी घातला त्यांनी तो नोकरी म्हणून नाही घातला, शपथ घेऊन घातलाय, आणि मी शांततेसाठी कपडे शिवते म्हणून सैनिकाच्या कपड्याला कात्री लावली तर मला शांतता कळलीच नाही असं होईल. मी शिक्षिका आहे, शब्दांना लगेच भुलत नाही, पण हे ऐकून मला खुर्चीत बसावं लागलं. कारण माझ्या मनात हीच भीती होती. शांततेचं दुकान म्हणल्यावर फौजेच्या विरोधात काहीतरी ऐकायला लागेल, आईसमोर, असं वाटून मी दोनदा जायचं रद्द केलेलं.

आणि मग भिंतीवरच्या चित्रांकडं माझं लक्ष गेलं. कापडावर टाक्यांनी काढलेली सहा-सात चित्रं आहेत, प्रत्येकाची एक गोष्ट आहे आणि माप देईस्तोवर ताई ती सांगतात. एक लाल डगल्यातल्या पठाणांचं आहे. खान अब्दुल गफार खानांनी 1929 ला सरहद्दीवर खुदाई खिदमतगार उभे केले, हत्यार हातात घ्यायचं नाही अशी शपथ घेतलेली माणसं, त्यांचे पांढरे कपडे लगेच मळायचे म्हणून विटकरी लाल रंगात बुडवले आणि तोच त्यांचा पोशाख झाला. 23 एप्रिल 1930 ला पेशावरच्या किस्साखानी बाजारात ह्या निशस्त्र लोकांवर गोळ्या झाल्या. हे आम्ही शाळेत शिकवतो, पण ताईंनी पुढचं जे सांगितलं ते आईसाठी सांगितलं, की त्याच दिवशी गढवाल रायफल्सच्या जवानांनी चंद्रसिंह गढवाली यांच्या पुढाकारानं निशस्त्र लोकांवर गोळी चालवायला नकार दिला आणि त्याची शिक्षा भोगली. म्हणजे त्या दिवशी तिथं दोन युनिफॉर्म होते असं त्या म्हणाल्या, लाल आणि खाकी, आणि दोन्हीतली माणसं शांततेसाठी उभी राहिली. आईनं विचारलं, "त्या जवानांच्या घरच्यांचं काय झालं असंल?" आमच्या घरातला प्रश्न हाच असतो.

पांढऱ्या रुमालांचं चित्र आईनं स्वतःच ओळखलं, म्हणजे गोष्ट माहीत नव्हती पण कापड ओळखलं. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत पोरं नाहीशी झाली, त्यांच्या आया 1977 पासनं राजधानीतल्या प्लाझा दे मायो चौकात फेऱ्या मारायला लागल्या, आणि एकमेकींना ओळखता यावं म्हणून डोक्याला पांढरं कापड बांधायच्या. आई म्हणाली ह्ये रुमाल न्हवं, ह्ये लंगोटाचं कापड हाय, बघ की कड कशी घेतलीया. ताईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या बरोबर आहे मावशी, सुरुवातीला तेच होतं. त्याच्याच शेजारी एक कापडाचं छोटं पांढरं फूल टाचलेलं आहे, पॉपीचं. इंग्लंडमध्ये 1933 ला सहकारी चळवळीतल्या बायकांनी पांढरी पॉपी लावायला सुरुवात केली, त्यातल्या कितीतरींची माणसं पहिल्या महायुद्धात गेलेली, पुन्हा तसलं युद्ध नको म्हणून. आईला सांगितलं की हे त्याच लढाईचं, तुमच्या गावच्या स्तंभावरची, तर तिनं फुलाला हात लावून कपाळाला लावला.

पण खरं जे झालं ते शेवटच्या चित्रापाशी. गोल आणि त्याच्या आत उभी रेघ आणि खाली दोन तिरक्या रेघा, शांततेची ती खूण, टीशर्टवर, रिक्षाच्या मागं, कानातल्यांवर सगळीकडं दिसते, मला वाटायचं हिप्पी लोकांनी काढली असेल. ताई म्हणाल्या नाही, आमच्याच धंद्यातल्या माणसानं काढलीय. जेराल्ड होल्टम, कापडाची डिझाइनं करायचे, लंडनहून ऑल्डरमास्टनला अण्वस्त्रांच्या विरोधात 1958 च्या ईस्टरला मोर्चा निघणार होता त्याच्यासाठी काढली. आणि ती खूण म्हणजे झेंड्यांच्या भाषेतली दोन अक्षरं आहेत एकावर एक ठेवलेली, एन आणि डी, अण्वस्त्रबंदीच्या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं. सेमाफोर. दोन हातात दोन झेंडे घेऊन लांबच्या माणसाला अक्षरं दाखवायची ती.

मी उठून उभी राहिले. कारण एन मला येत होतं. दोन्ही हात खाली तिरके, उलट्या व्हीसारखे. आणि डी म्हणजे एक हात सरळ वर, एक सरळ खाली. आण्णा शाळेत स्काउटमध्ये ते शिकले होते आणि सुट्टीवर आले की गोडोलीच्या आमच्या अंगणात दोन पंचे घेऊन आम्हा भावंडांना शिकवायचे, एकजण गच्चीवर एकजण खाली, मी गच्चीवरनं भावाला शब्द पाठवायचे आणि तो चुकीचं वाचायचा. मी दुकानात तसेच हात केले, एन, मग डी. आईनं बघितलं आणि ती रडायला लागली, तीन वर्षांत पहिल्यांदा अशी, आवाज करून. चाचांनी मशीन थांबवलं. कुणी काही बोललं नाही, ताईंनी पाणी आणलं. आयुष्यभर डोळ्यासमोर असलेली ती खूण माझ्या वडिलांच्या हातांनी काढता येते हे मला चाळिशीत एका शिवणकामाच्या दुकानात कळलं.

होल्टमनी त्या खुणेवर कसला हक्क ठेवला नाही, कुणीही काढावी, म्हणून ताई ती बिनधास्त शिवतात. आमच्या जाकिटावर ती मानेच्या खाली, पाठीवर, दोन बोटं एवढी आहे, निळ्या दोऱ्यानं, गोल नाही, नुसती अक्षरं. ते मी सांगितलं, गोल नको म्हणून.

निळा रुमाल. ताईंना त्याची पायपिंग करायची होती, बारीक पट्ट्या कापून कडेनं. डिझाइन म्हणून ते छान दिसलं असतं हे मला आत्तापण वाटतं. निळ्या रंगाची गोष्टपण त्यांना माहीत होती, 1956 ला सुएझ कालव्याच्या भांडणात यूएनचं पहिलं शांती दल पाठवलं तेव्हा लांबनं ओळखू येईल असं काहीतरी पाहिजे होतं, निळ्या टोप्या बनवायला वेळ लागणार होता म्हणून हेल्मेटच निळी रंगवून काढली. गोळी घालणाऱ्याला लांबनं कळलं पाहिजे की हा लढायला आलेला नाही, एवढ्यासाठी रंग. पण आई म्हणाली, "ह्येला कात्री लावू नगा." मी आईला समजवायला लागले तर चाचा म्हणाले थांबा. त्यांनी रुमालाची चौकोनी घडी घातली, डाव्या बाजूच्या आतल्या खिशाचं अस्तर म्हणून ती ठेवून बघितली, आणि म्हणाले कच्चा टाका घालतो, कवा बी उसवून काढा, रुमालाला भोक बी पडणार न्हाई. तसंच केलंय. बाहेरनं दिसत नाही. खिशात हात घातला की लागतो, गार, मऊ. पैसे देताना मी सगळ्यात जास्त कशाचे दिले असतील तर त्या घडीचे.

आता जाकिटाबद्दल नीट. बाहेरनं आईचं हिरवं इरकल, पुढच्या दोन्ही पट्ट्यांना त्याचाच लाल पदर आलाय. मधला थर जुन्या धोतराचा. आतनं मेहंदी रंगाचा सुती कुर्ता उसवून लावलाय, तो दुसऱ्या घरचा. शिलाई सगळी हातानं, धावदोरा, बाहेरच्या कडेपासनं सुरू करून आत आत चौकोन येत जातात, आमच्या आजीच्या वाकळीला असायचे तसे. टाका एकसारखा आहे पण मशीनसारखा मेलेला नाही, दोन बायकांनी शिवलंय आणि कुठं एकीचा हात थांबला आणि दुसरीचा सुरू झाला ते जवळनं बघितलं तर कळतं, एकीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि दुसरीचा त्याच्याहून बारीक. इरकल मध्यभागी विरलेलं होतं तिथं त्यांनी कापून दंड घातलाय. दंड म्हणजे काय हे नव्या मुलींना सांगायला लागतं, लुगडं मध्ये फाटलं की फाटकं काढून टाकून दोन धडके भाग जोडायचे, त्या जोडाला दंड म्हणतात. तो लपवलेला नाही, लाल दोऱ्यानं उठून दाखवलाय. मला ते फार आवडलं.

आतल्या बाजूला कापडाचा बिल्ला शिवलाय त्याच्यावर लिहिलंय, गोडोली, इरकल, लेकीच्या बारशाचं. गुरुवार पेठ, सुती कुर्ता, लग्नानंतरच्या पहिल्या ईदचा. नावं नाहीत. आणि खाली हातशिलाईचे तास, 38, आणि तासाला 70 रुपयांप्रमाणं 2,660. हे बिल्ल्यावर लिहिलेलं मी दुसऱ्या कुठल्या कपड्यावर बघितलं नाही. एकूण किंमत 5,400 घेतली, त्यात ही शिलाई, चाचांचं बेतणं, बाकी दोरा, बटणं, भाडं. महाग आहे का? माझ्यासाठी होय, दोन महिने बाजूला काढले. आणि जिच्या घरनं कुर्ता आला तिला हे जाकीट परवडणार नाही ही गोष्ट मला टोचते, ती मी ताईंना सरळ बोलले. त्या म्हणाल्या की म्हणून कापड देणाऱ्या प्रत्येक घराला एक दुपटं किंवा पिशवी फुकट शिवून देतो. ठीक आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही, कमी किमतीची एखादी बंडी तरी ठेवा असं मी सुचवलंय.

तक्रारी सांगते, कारण कौतुकच केलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. सहा आठवडे सांगितले आणि दहा लागले. मध्ये फोन केला तर उचलत नाहीत, मेसेजला दोन दिवसांनी उत्तर. आईला घेऊन तीन खेपा झाल्या आणि दोन पायऱ्या इतक्या उंच आहेत की गुडघेदुखीवाल्या माणसाला धरून चढवायला लागतं, आत बसायला एकच खुर्ची आहे. डाव्या हाताचा मुंढा आवळत होता, तो त्यांनी तिथल्या तिथं सैल करून दिला. पहिल्या धुण्यात लाल पदराचा रंग सुटून हिरव्यावर तळहाताएवढा डाग पडला. ताई म्हणालेल्या की रंग बघून घेतलाय, तो बघितला नव्हता किंवा नीट बघितला नव्हता. मी चिडून फोटो पाठवला, त्यांनी मान्य केलं, परत बोलावून तेवढा भाग बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर दोनदा धुतलं, गार पाण्यात, रिठ्यानं, पिळलं नाही, सावलीत वाळवलं, काही झालं नाही. कापडाच्या फासाची बटणं आहेत त्यातला एक फास सैल झालाय, तो मीच घट्ट केला. ऊब चांगली आहे, जानेवारीत कासच्या वाटेवर सकाळी पुरलं.

दुकानात टीशर्टपण आहेत, 650 ला, शांततेच्या घोषणा छापलेले. ते मला विशेष वाटले नाहीत. कापड जाड आहे, छपाई टिकते, माझ्या पोराच्या टीशर्टची अजून निघालेली नाही, पण वाकळीपुढं ते पोरकट वाटतात, वाचलं की संपलं. ताईंना हे पटलं नाही. त्यांनी कॅथरीन हॅमनेटचं सांगितलं, त्या ब्रिटिश डिझायनर 1984 च्या मार्चमध्ये पंतप्रधान थॅचरबाईंच्या घरी बोलावल्यावर कोटाच्या आतनं टीशर्ट घालून गेल्या आणि फोटोच्या वेळी कोट उघडला, त्याच्यावर मोठ्या अक्षरात 58 टक्के लोकांना पर्शिंग नको असं, म्हणजे अमेरिकेची ती क्षेपणास्त्रं. अक्षरं एवढी मोठी की फोटो छापला तर मजकूर आपोआप छापला जाणार. बरं, हे मानते की त्या जागी वाकळ चालली नसती, तिथं वाचता येण्यासारखंच पाहिजे होतं. पण पोवई नाक्यावर चहा पिताना कुणाच्या छातीवर घोषणा वाचून कुणाचं मन बदललेलं मी बघितलं नाही. माझा पोरगा भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे पळायला जातो, त्यानं तो टीशर्ट घेतला आणि पळताना घालतो. मला वाटलेलं बाकीची पोरं त्याला काही बोलतील. त्यातल्या दोघांनी कुठं मिळतो म्हणून विचारलं. म्हणजे माझं मत चुकीचं असू शकतं.

महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी दुकानात बैठक असते, पैसे नाहीत, चहा असतो, ज्याला यायचंय त्यानं सुई घेऊन यायचं. एक मोठी वाकळ मध्ये पसरलेली असते आणि चारी बाजूंनी बायका बसून आपापल्या कोपऱ्यातनं शिवत येतात. पहिल्यांदा मी आईला सोडायला गेले आणि पाच मिनिटं बसायचं म्हणून दोन तास बसले. शांततेवर कुणी अक्षर बोलत नव्हतं. गॅस, सुना, पाणी किती वाजता येतं, कुणाच्या पोराला पुण्यात नोकरी लागली, अशाच गप्पा. पण हात चालू असला की माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत नाही, कापडाकडं बघतो, आणि त्यामुळं अवघड गोष्ट सुद्धा तोंडातनं निघते. एका बाईनं 2023 च्या त्या दिवसांत तिच्या घरासमोर काय झालं ते शिवता शिवता सांगितलं, मान वर न करता, आणि तिच्या शेजारी बसलेल्या बाईनं, जिचा मुलगा दुसऱ्या बाजूच्या पोरांच्यात होता, तिनं काही न बोलता सुईत दोरा ओवून तिच्या हातात दिला. मी हे लांबनं बघितलं. ह्याच्यावर मी जास्त काही लिहीत नाही, ते त्या दोघींचं आहे. पण ह्या दुकानात जे चाललंय ते काम आहे का नुसती फॅशन आहे असं मला शाळेत एका सहकाऱ्यानं विचारलं तेव्हा मी त्याला हेच सांगितलं.

आई आता एकही शनिवार चुकवत नाही. गुडघ्याला पट्टा बांधून जाते, रिक्षानं. जाकीट माझं आहे पण त्या दिवशी ती घालते, लुगड्यावर. मेहंदी रंगाचा कुर्ता कुणाचा होता हे तिला अजून कळलेलं नाही आणि ताई सांगत नाहीत, मग ती गुरुवार पेठेतनं कोण कोण येतं ते बघत बसते आणि घरी येऊन मला सांगते, ती असंल बघ, नाहीतर ती ठेंगणी.

जाणार असाल तर दुपारी चारनंतर जा, सकाळी चाचा नसतात आणि बेतायचं त्यांच्याशिवाय होत नाही. पावसाळ्यात ऑर्डर देऊ नका, कापडं वाळत नाहीत म्हणून अजून उशीर होतो. निम्मे पैसे आधी, ऑनलाइन चालतं. पार्किंग नाही, गाडी मैदानाच्या कडेला लावून चालत या. आणि ऑर्डर द्यायची नसली तरी घरात जुनी सुती लुगडी, कुर्ते, धोतरं असतील तर धुऊन घेऊन जा, त्यांच्याकडं सिंथेटिकचे ढीग आलेत आणि सुती संपत आलंय. कुठल्या प्रसंगाचं कापड आहे ते एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा, नाव लिहू नका.